सर्वो थरथरतोय, बोर्ड रिसेट होतोय: कोडला हात लावण्याआधी वीज तपासा

सर्वो म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी छोटी मोटर. एक सर्वो बोर्डला जोडला की छान चालतो. दुसराही चालतो. तिसरा-चौथा जोडला की बोर्डवरचा दिवा लुकलुकतो, सगळे सर्वो एकदम मधल्या जागी उडी मारतात आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. कधी लॅपटॉपला पोर्टच दिसेनासा होतो. विज्ञान प्रदर्शनं आणि कॉलेजातल्या प्रोजेक्टचे दिवस आले की कोल्हापुरातली मुलं हीच तक्रार घेऊन येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, कोड बघा की जरा. काल चालत होतं, आज नुसतं थरथरायलंय."

कोड मी बघतोच, पण सगळ्यात शेवटी. सर्वोच्या बहुतेक तक्रारींचं मूळ विजेत असतं. त्यातल्या काही वायरिंगमधल्या, काही यांत्रिक, आणि अगदी थोड्या प्रोग्रॅममधल्या. म्हणून इथेही आधी वीज, मग जोडणी आणि त्यानंतरच प्रोग्रॅम; यांत्रिक भाग शेवटी वेगळा दिलाय.

सात दरवाजांचं धरण

इकडच्या मुलांचा एक आवडता विषय म्हणजे राधानगरी धरणाचं मॉडेल. भोगावतीवरच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले' यावर पंचगंगेकाठचं सगळं लक्ष असतं. मॉडेलमध्ये मुलं प्रत्येक दरवाजाला एसजी९० नावाचा एक छोटा सर्वो लावतात, टाकीत पाण्याचा सेन्सर ठेवतात आणि सगळं आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डला जोडतात. कल्पना सुंदर आहे. एकेक दरवाजा वेगळा तपासला तर काहीच अडचण येत नाही.

टाकीत पाणी ओतल्यावर खरी गंमत कळते. सेन्सर भिजतो, प्रोग्रॅम सातही सर्वोंना एकाच क्षणी उघडायला सांगतो आणि बोर्ड रिसेट होतो. रिसेट झाल्यावर दरवाजे हलतात, सेन्सर अजून भिजलेलाच असतो, म्हणून पुन्हा उघडण्याचा हुकूम सुटतो आणि पुन्हा रिसेट. दरवाजे उघड-मीट, उघड-मीट करत राहतात. बघणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम चुकीच्या लूपमध्ये अडकलाय. मुलं आठवडाभर कोडमधले इफ आणि व्हाइल बदलत बसतात.

आता हिशेब मांडू. एसजी९० जागेवर शांत उभा असताना जेमतेम दहा-एक मिलिअँपिअर घेतो. भाराशिवाय फिरताना शंभर-दोनशेच्या आसपास. पण त्याला अडवून धरलं, म्हणजे मोटर अडली, की हा आकडा ६०० ते ७०० मिलिअँपिअरवर जातो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की सुरू होण्याच्या पहिल्या क्षणी मोटर स्थिरच असते, म्हणून त्या क्षणापुरता प्रत्येक सर्वो अडलेल्या मोटरीइतकाच करंट ओढतो. सात सर्वो एकदम सुटले तर काही मिलिसेकंदांसाठी मागणी चार अँपिअरच्या पुढे जाते. आणि उनोच्या यूएसबी वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो.

गावाकडे एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकाच वेळी कृषिपंप सुरू केले की घरातले दिवे मंद होतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. इथेही तेच होतं. पाच व्होल्टची लाइन खाली बसते. उनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, आणि त्या वेगाला तिला चार व्होल्टच्या आसपास तरी हवेतच. त्याखाली ती कशीही वागू शकते, २.७ व्होल्टच्या खाली गेली की ब्राउनआउटची, म्हणजे व्होल्टेज फार पडल्याचं ओळखणारी सोय तिला सरळ रिसेट करते. रिसेटनंतर सर्वो जोडताना काही सांगितलं नसेल तर सर्वो लायब्ररी (सर्वो चालवणारा तयार कोड) १५०० मायक्रोसेकंदांची पल्स, म्हणजे सिग्नलचा छोटा ठोका देते, म्हणजे मधली जागा. सगळे सर्वो एकदम मध्ये उडी मारतात ते यामुळे. हे लक्षण दिसलं की रिसेट होतोय हे जवळजवळ नक्की समजा.

"पण सर, मीटरवर तर पाच व्होल्ट दाखवतंय." बरोबर आहे, दाखवणारच. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो आणि सरासरी दाखवतो. काही मिलिसेकंदांची बुडी त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर दुसरा उपाय आहे. प्रोग्रॅमच्या सेटअप भागात अगदी सुरुवातीला सिरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) 'सुरू झालो' असं काहीतरी छापायला लावा. सर्वो हलले आणि ती ओळ पुन्हा दिसली, की बोर्ड रिसेट झाला. सिरियल मॉनिटर उघडताना उनो एकदा रिसेट होतोच, ती पहिली ओळ धरू नका. उनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड असेल तर काम आणखी सोपं, तो स्वतःच मॉनिटरवर ब्राउनआउट झाल्याचं छापतो.

आणि कोडचा संशय फेडायचाच असेल तर सगळ्या सर्वोंच्या लाल तारा सोडवा आणि तोच प्रोग्रॅम तसाच चालवा. सेन्सरचे आकडे, दरवाजा उघडल्याचे संदेश सगळं मॉनिटरवर ओळीने येत असेल, तर प्रोग्रॅमवर आणखी वेळ घालवू नका.

मग वीज कुठून घ्यायची

बोर्डवरच्या पाच व्होल्टच्या पिनवरून एक छोटा सर्वो चाचणीपुरता चालवायला हरकत नाही. त्यापुढे सर्वोंना वेगळी वीज हवीच.

चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी घेऊ नका. ती स्मोक अलार्मसारख्या, थोड्या करंटवर दीर्घकाळ चालणाऱ्या उपकरणांसाठी बनलेली असते. सर्वोने करंट मागितला की तिचा व्होल्टेज लगेच कोसळतो. नवी बॅटरी घातली की पाच मिनिटं चालतं, म्हणून मुलं एकामागून एक बॅटऱ्या आणत राहतात. तो पैसा वाया जातो.

उनोच्या गोल जॅकला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. बोर्डवरचा रेग्युलेटर उरलेले सात व्होल्ट उष्णतेत घालवतो. अर्धा अँपिअर जरी ओढला तरी साडेतीन वॅटची उष्णता त्या नखाएवढ्या चिपवर तयार होते, आणि तिला हीटसिंक नसतो. चिप स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू होते. 'एक मिनिट चालतं, मग बंद पडतं, थोड्या वेळाने आपोआप चालतं' असं लक्षण असेल तर बोट चिपच्या जवळ न्या, उष्णता लगेच जाणवेल.

चांगला मार्ग म्हणजे पाच व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा बंदिस्त अडॅप्टर. दोन-तीन एसजी९० साठी दोन अँपिअर, सात दरवाजांसाठी पाच अँपिअर. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीच्या पेटीतला पॉवर सप्लायही चालतो, पण त्याची २३० व्होल्टची टर्मिनल्स उघडी असतात. शाळेच्या टेबलावर, लहान मुलांच्या हाताजवळ आणि पाण्याच्या मॉडेलशेजारी तो मला अजिबात नको वाटतो. तिथे प्लास्टिकच्या कवचातला अडॅप्टरच घ्या.

बॅटरीवर चालवायचं असेल तर चार एए आकाराचे चार्जिंगचे निकेल सेल ४.८ व्होल्ट देतात, ते एसजी९० ला नेमके बसतात. दोन लिथियम सेल सिरीजमध्ये लावले तर पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट होतात आणि त्यावर छोटा सर्वो जळतो, म्हणून मध्ये एलएम२५९६ सारखा, व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लागतो. त्याच्यावरचा निळा पेच फिरवून आउटपुट आधी मीटरवर पाच व्होल्टला आणा आणि मगच सर्वो जोडा. हे मॉड्यूल नवीन असताना कितीवर सेट केलेलं आहे याचा नेम नसतो.

जोडणी

सप्लायचा प्लस सगळ्या सर्वोंच्या लाल तारांना. सप्लायचा मायनस सगळ्या तपकिरी तारांना, आणि तिथूनच एक तार बोर्डच्या ग्राउंडला. नारिंगी तारा आपापल्या पिनांना. बोर्ड यूएसबीवर चालत असेल तर बाहेरचा प्लस बोर्डच्या पाच व्होल्टच्या पिनला जोडायचा नाही.

ती मायनसवरून बोर्डला जाणारी एक तार सगळ्यात जास्त विसरली जाते. "सर, दोन्हीकडची वीज वेगळी ठेवली, मग जोडायची कशाला?" असं मुलं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. सिग्नलचे पाच व्होल्ट म्हणजे बोर्डच्या ग्राउंडपासून मोजलेले पाच व्होल्ट. सर्वोचा ग्राउंड वेगळा असेल तर त्याला तो सिग्नल कशाच्या तुलनेत वाचायचा हेच कळत नाही. मग तो स्वस्थ उभा राहतो, नाहीतर मनाला येईल तसा थरथरतो. तारेजवळ हात नेला की थरथर बदलते, हे ग्राउंड सुटल्याचं अगदी ओळखीचं लक्षण.

रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. काही सर्वोंना काळी, लाल, पांढरी तार असते, काहींना काळी, लाल, पिवळी. लाल मध्ये असते, गडद रंग ग्राउंडचा आणि उरलेली सिग्नलची, एवढं ध्यानात ठेवलं तर नेहमीच्या सर्वोंना पुरतं.

आता ब्रेडबोर्ड. पातळ जंपर वायर आणि ब्रेडबोर्डच्या आतल्या पत्र्याच्या पकडी मोटरीच्या करंटसाठी नसतात. मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेची लाल-निळी पट्टी बरेचदा मध्ये तुटलेली असते. छापलेली रेघ मध्ये थांबते तिथे नीट बघा. अर्धे सर्वो चालतात आणि अर्धे मेलेले वाटतात ते यामुळेही. सर्वोंच्या विजेसाठी जाड तार आणि स्क्रूची टर्मिनल पट्टी वापरा, किंवा साध्या छिद्रांच्या पीसीबीवर सोल्डर करून एक पट्टी बनवा. ब्रेडबोर्ड सिग्नलपुरता राहू दे.

तारेत किती व्होल्ट वाया जातात हे मोजायला सोपं आहे. सप्लायपासून सगळ्यात लांबचा सर्वो घ्या. त्याच्या लाल आणि तपकिरी तारेवर मीटर धरा, प्रोग्रॅमला तो फिरवायला सांगा आणि हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारी पट्टी) बोटाने दोन सेकंद हलकेच अडवा. सप्लायच्या टोकाला पाच व्होल्ट टिकून आहेत आणि सर्वोपाशी सव्वाचार दिसतात, तर पाऊण व्होल्ट तारेत आणि जोडांत गेला. दोन्ही टोकांना सव्वाचार दिसत असेल तर सप्लायच अपुरा आहे. एवढ्या एका मोजणीने निम्मा गोंधळ संपतो. फार वेळ अडवू नका, मोटर तापते.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे पंधरा-पंधरा दिवस हवा दमट असते. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या मॉडेलच्या पिना काळपट पडतात आणि जोड अधूनमधून सुटतो. पिना काढून-घालून घासा, नाहीतर तार बदला.

सर्वोंच्या जवळ, टर्मिनल पट्टीवर, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लावा. पट्टा असलेली बाजू मायनसला. उलटा लावला तर तो फुटतो. सुरुवातीच्या क्षणाचा झटका तो सावरून घेतो. पण पाचशे मिलिअँपिअरच्या सप्लायला कॅपॅसिटर लावून तो पाच अँपिअरचा होत नाही, तेव्हा आधी सप्लाय, मग कॅपॅसिटर.

सगळे दरवाजे एकाच क्षणी उघडायलाच हवेत का, हाही विचार करा. दोन दरवाजांत दोनशे मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं तर सुरुवातीचे झटके एकमेकांवर पडत नाहीत. बघायलाही एकामागून एक उघडणारे दरवाजे जास्त छान दिसतात. त्यासाठी प्रोग्रॅम थांबवून ठेवणाऱ्या डिलेऐवजी वेळ मोजणारं मिलिस वापरा, म्हणजे तेवढ्या वेळात सेन्सर वाचणं थांबत नाही.

वीज नीट आहे, तरीही

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मग प्रोग्रॅमकडे या. आर्डुइनोची सर्वो लायब्ररी उनोच्या चिपमधला टायमर वन वापरते, म्हणून पिन ९ आणि १० वर ॲनालॉगराइट (मोटरचा वेग कमी-जास्त करायला वापरतात ती आज्ञा) चालत नाही, तिथे सर्वो जोडलेला नसला तरी. डीसी मोटरचा स्पीड या पिनवर ठेवला असेल आणि सर्वो आल्यापासून ती मोटर बिघडली असेल, तर पिन बदला. ३, ५, ६ आणि ११ मोकळ्या असतात.

मधूनच, ठरावीक अंतराने छोटा झटका येत असेल तर इंटरप्टकडे, म्हणजे चालू काम थांबवून तातडीचं काम करायच्या चिपच्या सोयीकडे पाहा. ब्लूटूथसाठी वापरलेली सॉफ्टवेअर सिरियल आणि रंगीत ॲड्रेसेबल एलईडी पट्टीची लायब्ररी या दोन्ही काही काळ इंटरप्ट रोखतात. सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स लागते आणि ती साधारण एक ते दोन मिलिसेकंदांची असते; तिच्या लांबीवर कोन ठरतो. काही मायक्रोसेकंदांचा फरक पडला तरी सर्वो इमानदारीने तेवढा हलतो. एलईडी पट्टीची ओळ बंद करून पाहा. झटके थांबले तर पीसीए९६८५ चा सोळा सर्वोंचा बोर्ड घ्या. तो पल्स स्वतः बनवतो, उनोला फक्त आयटूसी या दोन तारांच्या संदेशवाटेवरून कोन सांगायचा. उनोवर त्याच्या तारा ए४ आणि ए५ ला जातात. एक खबरदारी: त्याच्यावरची व्हीसीसी पिन चिपसाठी असते, सर्वोंची वीज वेगळ्या हिरव्या किंवा निळ्या स्क्रू टर्मिनलवर द्यावी लागते. चिप उत्तर देते, पण एकही सर्वो हलत नाही, तर तिथे वीज पोचलेली नसते.

सर्वो शून्यावर किंवा १८० वर नेल्यावर घुंई असा आवाज करत राहतो? तो आतल्या अडथळ्याला टेकलाय आणि तरीही पुढे जायला धडपडतोय. लायब्ररी शून्य अंशाला ५४४ आणि १८० ला २४०० मायक्रोसेकंद धरते, पण प्रत्येक सर्वोची खरी हद्द थोडी वेगळी असते. राइटमायक्रोसेकंड्स ही आज्ञा वापरून १५०० पासून हळूहळू दोन्हीकडे जा, आवाज सुरू होईल त्याच्या थोडं अलीकडे थांबा आणि ते दोन आकडे सर्वो जोडणाऱ्या अटॅच आज्ञेत द्या. घुंई करणारा सर्वो सतत अडलेल्या मोटरीचा करंट घेतो, तापतो आणि शेवटी गिअर तरी झिजवतो किंवा मोटर तरी जाळतो.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत, तिथे सर्वो कधीच चालणार नाही. ६ ते ११ फ्लॅशसाठी राखीव असतात. उनोची सर्वो लायब्ररी तिथे चालत नाही, ईएसपी३२सर्वो नावाची वेगळी घ्या. सिग्नल ३.३ व्होल्टचा असला तरी छोटे सर्वो बहुधा तो ओळखतात, पण वीज मात्र ३.३ च्या पिनवरून देऊ नका.

आणि ९० वर थांबतो, बाकी काहीही सांगितलं तरी गोल फिरतच राहतो, असा सर्वो असेल तर तो सतत फिरणारा, ३६० अंशांचा प्रकार आहे. दिसायला तंतोतंत सारखाच असतो. कोड बदलून तो दरवाजा उघडणारा सर्वो होणार नाही. दुकानात बदलून घ्या.

यांत्रिक भाग

एसजी९० ची ताकद ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंटिमीटर. म्हणजे हॉर्नच्या केंद्रापासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो, पाच सेंटिमीटरवर ३६० ग्रॅम, आणि तेही मोटर अडेपर्यंत. रोजच्या वापराला याच्या निम्मं धरा. दरवाजा खाचेत घट्ट बसला असेल आणि फोमशीट पाण्याने फुगली असेल तर तेवढ्यानेच सर्वो अडतो. वीज काढून दरवाजा हाताने वर-खाली करून बघा. बोटाला अडखळल्यासारखं वाटलं तर सर्वोलाही तसंच वाटणार.

कॉलेजच्या मुलांचे रोबोटिक आर्म येतात तेव्हा वेगळाच प्रश्न असतो. आपल्याकडे उद्यमनगर आहे, कुणाचे ना कुणाचे मामा किंवा काका वर्कशॉपमध्ये असतात, त्यामुळे ॲल्युमिनियमचा आर्म अगदी देखणा बनून येतो. मला ते काम बघायला फार आवडतं. पण त्यात लागणारा एमजी९९६आर हा मोठा सर्वो ४.८ व्होल्टला ९.४ किलो-सेंटिमीटर देतो. वीस सेंटिमीटरच्या टोकावर ते ४७० ग्रॅम होतात, आणि त्यातच आर्मचं स्वतःचं वजन, मनगटावरचा सर्वो आणि उचलायची वस्तू बसवायची असते. हा सर्वो अडला की सहा व्होल्टला एकटाच अडीच अँपिअर ओढतो. खांद्याच्या जागी आर्म खाली झुकत असेल तर पत्र्याची जाडी कमी करा, भोकं पाडून वजन काढा, किंवा स्प्रिंग लावून भार तोला.

हॉर्न बसवताना आधी सर्वोला प्रोग्रॅमने ९० वर न्या, मग हॉर्न हव्या त्या दिशेला दाबा. हाताने फिरवून अंदाजाने बसवलेला हॉर्न पहिल्याच हुकमाला शेजारच्या भिंतीवर आदळतो आणि प्लास्टिकच्या गिअरचा एखादा दात जातो. दात गेलाय का हे कळायला वीज काढून हॉर्न बोटाने अगदी सावकाश फिरवा. एका जागी कट् होऊन बोट मोकळं सुटलं तर गिअर गेलाच.

थरथर फक्त एका ठरावीक कोनाला येते, बाकी सगळीकडे सर्वो शांत, तर आतला, कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर त्या जागी झिजलेला असतो. खात्री करायला तोच सर्वो दुसऱ्या पिनवर आणि दुसरा सर्वो या पिनवर लावा. थरथर सर्वोबरोबर गेली तर सर्वो बदला, पिनपाशीच राहिली तर तार आणि पिन तपासा.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर नुसतं 'सर्वो चालत नाही' असं लिहू नका. सर्वोवरचा नंबर, बोर्ड कुठला, सप्लायच्या लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर, लाल तारा काढल्यावर प्रोग्रॅम नीट चालला की नाही, आणि सर्वोपाशी अडवून मोजलेला व्होल्टेज, एवढं लिहा. सोबत वरून काढलेला, प्रत्येक तारेची दोन्ही टोकं दिसतील असा एक फोटो जोडा. कोड त्यानंतर पाठवला तरी चालतो.